भाषणाआधी हे वाच

अरे, ड्रग्ज घेणाऱ्याला शिक्षा नको या बाजूचं तुझं वादस्पर्धेचं भाषण वाचलं. पहिलं ते "माझं शरीर माझा निर्णय" काढून टाक बाबा, कॉलेजात टाळ्या पडतील पण समोरची टीम लगेच शिंदे गावचं नाव घेईल, 2023 ला एमडीचा (मेफेड्रोन, रासायनिक ड्रग) कारखाना सापडला तो आपल्या नाशिकचाच, आणि तू बसशील गप्प. माल बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला सोडा असं कोणी म्हणतच नाहीये, प्रश्न घेणाऱ्याचाय, हे सुरुवातीलाच ठणकावून सांग.

घेणाऱ्याची शिक्षा काढावी या मताचा मीही आहे, पण माझं कारण वेगळंय. कोर्टात रोज बघतो ना, सिडको सातपूरची पोरं, तोंडाला रुमाल, बाहेर व्हरांड्यात आई डबा घेऊन उभी. गांजा ओढताना धरलं तर एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम 27, फार तर 6 महिने, 10 हजार दंड किंवा दोन्ही, बहुतेकदा दंड भरून मोकळा, पण पुढे नोकरीच्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनला ते सगळं वर येतं. व्यसन जिथल्या तिथे.

खरा घोळ वजनाचाय, आणि तुझ्या भाषणात त्यावर एक ओळ नाही. एमडी 2 ग्रॅमपर्यंत म्हणजे अल्प, शिक्षा 1 वर्षापर्यंत, त्याच्या वर गेलं की थेट 10 वर्षांपर्यंत. त्यात 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वजन भेसळीसकट धरायचं, म्हणजे दोघांनी कॉन्ट्री काढून घेतलेली 3 ग्रॅमची पुडी, त्यात निम्मी पावडर भलतीच असली तरी गेले बाराच्या भावात. आणि गांजाला हीच रेषा 1 किलो! स्वतःपुरता किलोभर गांजा कोण ठेवतो सांग मला. (साधूंच्या चिलमीचा जोक नको, आणि भांग मध्ये आणू नकोस, भांगेची पानं या कायद्यात येतच नाहीत.)

पोर्तुगालचं नुसतं नाव घेऊन भागणार नाही. 2001 पासून तिथे 10 दिवस पुरेल एवढा माल जवळ असणं गुन्हा नाही, पण जप्त होतोच आणि माणसाला समितीपुढे बसवतात, गरज असेल तर उपचाराला धाडतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2021 ला शिक्षा काढून 100 डॉलरचं चलन ठेवलं, हेल्पलाईनला फोन केला की तेही माफ, फोन फारसे कोणी केले नाहीत, उपचाराचा पैसा उशिरा पोचला आणि 2024 ला परत गुन्हा. हे समोरचे काढणारच, त्याआधी तूच काढ.

आपल्याकडे याच कायद्यात कलम 64अ आहे, केस अल्प मालाची असेल आणि व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात गेला तर खटल्यातून सूट, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. पोरांना हे माहीतच नसतं.

आणि शेवटच्या पानावर मित्राबद्दल लिहून खोडलंयस ते दिसलं मला. तो खराच असेल तर स्पर्धा राहू दे बाजूला, 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाईनला फोन लाव, आणि केस झाली असेल तर आधी मला.