रोजच्या धावपळीचा ताण हृदयापर्यंत पोहोचू नये, यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४१ आहे, डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टला जाता, महिनाअखेरीच्या कामाचा दबाव घरी पोहोचल्यावरही डोक्यातून जात नाही, आणि वडिलांना ५४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आल्यामुळे ‘माझेही तसेच होईल का’ ही धास्ती त्या दबावात भर घालते आहे. नोकरी सोडणे शक्य नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितले आहे. मी पुण्यातील एका रुग्णालयाच्या हृदयरोग अतिदक्षता विभागात २९ वर्षे परिचारिका होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांविषयी काही सांगणार नाही. मात्र ताणाखालचे हृदय कसे चालते, हे मी मॉनिटरच्या पडद्यावर रात्र रात्र पाहिले आहे, आणि त्यातून जे समजले ते तुमच्या उपयोगी पडावे असे मनापासून वाटते.

पन्नाशीच्या आतले एक गृहस्थ अँजिओप्लास्टीनंतर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे होते. दुपारचे जेवण झालेले, नाडी ७२, सारे शांत. तेवढ्यात उशाशी ठेवलेला मोबाईल थरथरला. त्यांनी तो उचलला नाही, फक्त पडद्यावरचे नाव वाचले, आणि ७२चा आकडा माझ्या डोळ्यांदेखत ८१, ९०, ९८ असा चढत गेला. मी मोबाईल काढून कपाटात ठेवला, चादर नीट केली, पाणी दिले. आकडा पुन्हा पंचाहत्तरीला यायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागला. तो जेमतेम खाली आला होता तोच भेटायला आलेल्या भावाने दुकानाच्या त्याच व्यवहाराचा विषय काढला, आणि नाडी पुन्हा नव्वदीच्या पुढे गेली. चढायला काही क्षण आणि उतरायला वीस मिनिटे, हे प्रमाण त्या दिवसापासून माझ्या मनात पक्के बसले आहे.

चढणे हा आजार नव्हे. संकट दिसले की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके सोडते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि जखम झालीच तर रक्त लवकर गोठावे म्हणून रक्तातल्या प्लेटलेट अधिक चिकट होतात. जीव वाचवण्यासाठी पळायचे असेल तेव्हा ही तयारी योग्यच असते. परंतु लोकल चुकणे, साहेबांचा निरोप येणे, मुलाच्या फीची तारीख आठवणे, अशा प्रत्येक वेळी शरीर तीच तयारी करते, आणि पहिली उतरण्याआधी दुसरी सुरू होते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. ज्यांचा तो उतरत नाही, त्यांच्या हृदयाला धोका अधिक असतो. म्हणून माझे सांगणे इतकेच आहे की ताण येऊच नये यासाठी धडपडण्यापेक्षा, आलेला ताण उतरायला दिवसभरात ठरलेल्या जागा ठेवाव्यात.

त्या जागा कोणत्या, हे सांगण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक मला हमखास सांगत, ‘सिस्टर, टेन्शनमुळे झाले हो.’ त्यात तथ्य नव्हते असे नाही, पण त्याच रुग्णाचा रक्तदाब कित्येक वर्षांत कुणी मोजलेला नसे आणि साखर वाढल्याचे दाखल झाल्यावरच कळे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्याच्या धोक्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडता येतो, असे त्यात दिसले. धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, आहार, व्यायाम आणि मद्य यांच्या पंक्तीला मानसिक व सामाजिक ताणही त्यात होता. याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण सहा वर्षे आधी आल्याचेही आढळले. ताण या यादीत एकटा उभा नाही, तो बाकीच्यांना हाताला धरून आणतो. काम वाढले की टपरीवरची सिगारेट वाढते, रात्री नऊला स्टेशनवर वडापाव होतो, चालणे बुडते, झोप पाच तासांवर येते आणि सकाळची गोळी विसरते. ‘सगळे टेन्शनमुळेच’ असे म्हणून या गोष्टींकडे काणाडोळा करणे मी फार जवळून पाहिले आहे, आणि ते मला आजही सलते.

आता तुमच्या दिवसाकडे पाहू. संध्याकाळी डोंबिवलीला उतरल्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी, घर चालण्याच्या अंतरावर असेल तर मोबाईल बॅगेत टाकून, थोड्या झपझप चालीने घरी जावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज २५ मिनिटे चालणे झाले तर सहा दिवसांत ती भरतात. त्याहून मोठा लाभ असा की कार्यालय आणि घर यांच्यामध्ये एक मोकळी जागा तयार होते, आणि दारात पोहोचेपर्यंत ठोके बरेच खाली आलेले असतात.

दुसरी जागा श्वासाची. माझी आई दिवेलागणीनंतर देवापुढे बसून संथ लयीत जप करायची. लहानपणी मला त्यात केवळ भक्ती दिसे. हृदयरोग विभागात आल्यावर आणखी काही समजले. २००१ मध्ये इटलीतील लुचियानो बेर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातील मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली प्रतिसाद देते, असे दिसले. श्रद्धा असेल तर जप करावा, नसेल तर चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, असे दहा मिनिटे शांत बसावे. पहिले दोन-तीन दिवस मन सैरभैर होईल, पण श्वास लांबवण्यासाठी ओढाताण करू नये. गाडीत बसायला जागा मिळाली तर तिथेही हे जमते.

रागाविषयी थोडक्यात सांगते. संतापाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असे २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या आढाव्यात आढळले. निरोगी माणसाच्या बाबतीत पाचपट झालेला धोकाही मुळात लहानच असतो, म्हणून घाबरून जाऊ नये. मात्र रोज दोन-तीनदा भडका उडत असेल, तर त्याची बेरीज होत जाते.

तिसरी गोष्ट मला स्वतःवर वेळ आल्यावर कळली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, माझी नाइट ड्युटी चालू होती आणि घरी गेल्यावर त्यांचे सारे मीच करत होते. एका रात्री बरोबरच्या मुलीने सहज माझा रक्तदाब घेतला, तर तो १५८/९६ निघाला. रोज पन्नास जणांच्या दंडाला पट्टा गुंडाळणाऱ्या मला स्वतःच्या दंडाची आठवण वर्षभर झाली नव्हती. डॉक्टरांनी औषध सुरू केले, परंतु खरा फरक पडला तो मी घरात बोलल्यानंतर. आठवड्यातल्या दोन रात्री नणंदबाई येऊन राहू लागल्या आणि सकाळचे पाणी, डबा यजमानांनी अंगावर घेतले. काम तेवढेच होते, पण केव्हा थांबायचे ते ठरवणे माझ्या हाती आले. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातही, ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकार अधिक दिसला. तुमच्या हाती नोकरी नसेल, पण रात्री नऊनंतर कार्यालयाचा व्हॉट्सॲप गट न उघडणे, आणि महिनाअखेरीच्या आठवड्यात घरातले कोणते काम कोणी करायचे हे पत्नीशी आधीच बोलून ठेवणे, एवढे तरी असावे.

छातीवर दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, दम लागणे, असे काही मिनिटांहून अधिक टिकले, तर त्याला पित्त किंवा टेन्शन म्हणून घरी थांबू नये. १०८ वर फोन करावा आणि ईसीजी काढून घ्यावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी केवळ विलक्षण थकवा आणि दम, एवढेच लक्षण असते. तसेच उदासी किंवा धास्ती आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो कमकुवतपणा मुळीच नाही.

राहिली वडिलांची धास्ती. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत झटका आला असेल, तर डॉक्टर त्याला कुटुंबातील अकाली हृदयविकार मानतात, त्यामुळे तुमची काळजी निराधार नाही. तिला आकड्यांत उतरवा. आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी, चहा आणि धूम्रपान टाळून, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवून रक्तदाब घ्या, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. रक्तातील चरबी आणि साखर तपासून घ्या. मग ती वही, ते अहवाल आणि वडिलांचे त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड मिळाले तर तेही घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या जुन्या कार्डावर कोणती रक्तवाहिनी बंद होती आणि त्यांना तेव्हा रक्तदाब किंवा मधुमेह होता का, हे लिहिलेले असते. तुमच्याविषयी निर्णय घेताना डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.