हमीपत्रावर वसलेले उपनगर

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नगररचनेच्या कामावर रुजू होताच तुझ्याकडे पुणे व पिंपरी-चिंचवडलगतचा हिंजवडी, माण आणि मारुंजी हा पट्टा सोपवला गेला, हे वाचून आनंद झाला. एवढ्या लवकर एवढे अवघड क्षेत्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, दरवर्षी इतकी माणसे येत राहणार असतील, तर नियोजन करून उपयोग तरी काय? हा प्रश्न तुला कार्यालयात वरचेवर ऐकू येईल, आणि बहुतेक वेळा तो प्रश्न म्हणून नव्हे, तर सबब म्हणून पुढे केला जाईल. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १९९१ साली ५ लाख १७ हजार होती. ती २००१ साली १० लाख ६ हजार आणि २०११ साली १७ लाख २७ हजार झाली. हे आकडे वाचले की लोंढा आला, पूर आला असे शब्द सहज तोंडात येतात. पण पूर आकाशातून येतो आणि ही माणसे बोलावल्यावर आली आहेत. १९५४ साली पिंपरीत सरकारी औषध कारखाना सुरू झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पाठोपाठ मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, आणि शतकाच्या अखेरीस हिंजवडीच्या शेतांवर माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान आखले गेले. भूसंपादन शासनाने केले, भूखंड शासनाने वाटले, सवलती शासनाने जाहीर केल्या. कारखाना येणार हे ज्याला दहा वर्षे आधी माहीत असते, त्याने कामगार येतील याचे आश्चर्य दाखवणे शोभत नाही.

शिवाय ही वाढ पाळण्यातली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी जेवढा लागतो त्याहूनही तो खाली गेला आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांनी वाढली, आणि त्याच दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची चक्क घटली. माणसे नव्याने जन्माला आली त्यापेक्षा जागची हलली, ती कामामागे हलली, आणि ज्या गावांतून निघाली तिथे शाळांचे वर्ग ओस पडले. तेव्हा कोणी तुझ्या टेबलासमोर बसून "या बाहेरच्यांनी पुणे बिघडवले" असे म्हणू लागले, तर वाद घालू नकोस. पण तुझ्या अभिप्रायात तो विचार डोकावू देऊ नकोस. (असे म्हणणारे गृहस्थ स्वतः कोणत्या साली पुण्यात आले, हे मात्र चहा घेताना जरूर विचार.)

माझ्या नोकरीतून मला एकच गोष्ट खात्रीने कळली आहे. राहणीमान बिघडते ते माणसांच्या संख्येने कमी आणि क्रम चुकल्याने अधिक. परवानगी आधी, इमारत नंतर, रहिवासी त्यानंतर, आणि पाणी, सांडपाण्याची वाहिनी, रस्ता व बस सर्वांत शेवटी, असा उलटा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की तो उलटा आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. बांधकामाचे नियम सांगणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली तू पाठ केली असशीलच. तिच्यात समोरच्या रस्त्याची रुंदी पाहून चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल ते, ठरते. त्या रस्त्याखाली किती इंची जलवाहिनी आहे, किंबहुना ती आहे की नाही, यावर मात्र मजले ठरत नाहीत. विकास आराखड्यातला रस्ता कागदावर असला तरी आकडेमोड पुढे सरकते.

आणि जिथे पाणी नसते तिथे हमीपत्र असते. तुझ्या फायलींत ते तुला मुद्रांक कागदावर, नोटरीच्या गोल शिक्क्यासह लावलेले दिसेल. सार्वजनिक पाणीपुरवठा उपलब्ध होईपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची व्यवस्था विकसक स्वखर्चाने करील, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. तो एक कागद लागला की फाईल पुढच्या टेबलावर जाते. इमारत पूर्ण होते, राहायला मोकळीक देणारे भोगवटा पत्र मिळते, सोसायटी नोंदवली जाते, कारभार रहिवाशांकडे हस्तांतरित होतो, आणि मग एका उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावरून सर्वसाधारण सभेत खडाजंगी होते. ते हमीपत्र कोणाकडे आहे, हे त्या सभेतल्या एकालाही ठाऊक नसते. ते तुझ्या कपाटात असते.

म्हणून असे हमीपत्र समोर आले की पेन्सिल घेऊन एक गणित कर. तीनशे सदनिका, प्रत्येकी चार माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर हे केंद्राचे प्रमाण, म्हणजे रोज १ लाख ६२ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दिवसाला सोळा खेपा, त्याही एकाच संकुलासाठी. मग एप्रिलच्या शेवटी एखाद्या दिवशी पहाटे साडेपाचला अशा संकुलाच्या फाटकाशी जाऊन उभी राहा. टँकर आत वळतो, चालकाचा मदतनीस जमिनीखालच्या टाकीचे झाकण सरकवून जाड नळी आत सोडतो, पहारेकरी वहीत गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहितो, आणि पाण्याचा रंग कसा आहे हे पाहायला तिथे कोणीच थांबलेले नसते. टँकर कुठल्या विहिरीवर किंवा कुठल्या कूपनलिकेवर भरला, हा रकाना वहीत नसतो. एवढे एकदा पाहिलेस की "पाण्याची पर्यायी व्यवस्था करण्यात येईल" हे वाक्य तुला पूर्वीसारखे सहज वाचता येणार नाही. मुळशी धरण ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात हिंजवडी आहे, आणि त्या धरणाचे पाणी शंभर वर्षांपासून वीज करण्यासाठी घाट उतरून कोकणात जाते, हेही तिथे उभी असताना आठवेल.

क्रम चुकण्याची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही. २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांपैकी नांदेड, किरकटवाडी हा परिसर खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी, पण तिथे विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न नेता केवळ क्लोरीन मिसळून पुरवले जात होते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले, हातापायांतले बळ गेलेली माणसे अतिदक्षता विभागांत दाखल झाली, आणि मग सर्वांचे लक्ष त्या पाण्याकडे गेले. हद्दवाढीची अधिसूचना एका दिवसात निघते, जलशुद्धीकरण केंद्राला मात्र वर्षे लागतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात माणसे कोणते पाणी पितात, हे विचारणे तुझे काम आहे, जरी ते तुझ्या कर्तव्यसूचीत लिहिलेले नसले तरी.

तू विचारशील की गणित कोणत्या आकड्यावर करायचे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे, त्यामुळे तुझ्यासमोर येणारा प्रत्येक प्रस्ताव २०११ च्या आकड्यावर कुठला तरी वाढीचा दर चढवून तयार केलेला असेल. महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात पाण्याच्या कोट्यावरून जो वाद सतत चालतो, त्याच्या मुळाशीही शहरात माणसे किती हाच मुद्दा असतो. अशा वेळी अंदाजाच्या भरवशावर राहू नकोस. वीजजोडण्या, शिधापत्रिका, अंगणवाडीची पटसंख्या आणि टँकरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहा. चाकणकडे शेतात पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या जातात आणि एकेका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारे कामगार राहतात. ते कोणत्याच तक्त्यात सापडणार नाहीत. तिथे पायी जाण्याला पर्याय नाही.

शहराला हवे असलेले पाणी मोकळे पडलेले नसते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चारही धरणांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि त्यावर दौंड व इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी मिळू लागले, कारण पवना नदीचे पाणी पुरेना. आणि पवना धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकरी गेले. वाहिनीची रेघ नकाशावर ओढताना ती कोणाच्या शेतावरून आणि कोणाच्या वाट्यातून जाते, याची नोंद टिपणीत असली पाहिजे. ती आपल्याकडे फार क्वचित असते.

ओढ्यांविषयी थोडक्यात लिहितो. भूमापनाचे जुने नकाशे मागवून घे आणि आजच्या उपग्रह छायाचित्रावर ठेवून पाहा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने एका रात्रीत काय केले ते तुला ठाऊक आहे. जो ओढा जुन्या नकाशावर आहे आणि जागेवर नाही, त्याच्या काठावरची परवानगी तू थांबवलीस तर दूरध्वनी येतील. त्या वेळी तोंडी काही बोलू नकोस, लेखी मागणी कर.

गमतीची गोष्ट अशी की त्या पुराच्या आदल्याच वर्षी, २०१८ साली, केंद्राच्या राहण्यास सुलभ शहरांच्या यादीत पुणे पहिले आले होते. मी त्या यादीला खोटे म्हणत नाही. तिच्यात मोजले गेलेले पुणे आणि तुझ्या पट्ट्यातले पुणे ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, एवढेच. तुझ्याकडे रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचे, बस तिसऱ्याची आणि घरपट्टी ग्रामपंचायतीची. औद्योगिक विकास महामंडळ, महानगर प्रदेश प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद यांपैकी प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे बोट दाखवायला एक बोट शिल्लक असते. एकाच महापालिकेत सगळे घातले की प्रश्न सुटेल, असेही समजू नकोस. २०१७ साली पुण्यात घेतलेल्या ११ गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुढे पुन्हा बाहेर काढावी लागली, कारण कर आधी आला आणि सुविधा आल्याच नाहीत असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. इथेही क्रमच आडवा आला.

क्रम सुलटा करण्याचे एक साधन १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातच आहे, ते म्हणजे नगररचना योजना. सर्वांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांची जागा आधी काढायची आणि उरलेल्या जमिनीचे आखीव भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. शेतकरी भूमिहीन होत नाही आणि रस्ता इमारतीच्या आधी येतो. म्हाळुंगे-माण योजनेचे कागद तुझ्या प्राधिकरणात असतील, ते नीट वाच. ही पद्धत किचकट आहे, हरकती-सुनावण्यांत दमवते, आणि शेतकऱ्याला अंतिम भूखंडाचा नकाशा समजावून सांगायला त्याच्या ओसरीवर तासन् तास बसावे लागते. पण तुझ्या वयात हे काम शिकून घेतलेस तर पुढच्या तीस वर्षांत त्याची गरज कधी संपणार नाही.

राहता राहिला तुझा खासगी प्रश्न, की कार्यालयाजवळ म्हणून तिथेच सदनिका घ्यावी का. घ्यायला हरकत नाही, पण नमुना सदनिका पाहून पैसे भरू नकोस. त्याच विकसकाचे चार-पाच वर्षांपूर्वी ताबा दिलेले संकुल शोध, तिथल्या खजिनदारांना भेट आणि मार्च ते जून या महिन्यांची टँकरची बिले दाखवायला सांग. सांडपाणी प्रक्रिया केंद्र रोज चालते का, हेही विचार. वीजबिलाला घाबरून ते बंद ठेवले असेल, तर संकुलाच्या मागच्या नाल्याकडे गेलीस की उत्तर मिळेल. आईवडिलांना तिथे आणायचे असेल तर आधी भाड्याने एक उन्हाळा काढ.

जुन्या नकाशांची यादी वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. त्यांतल्या माणच्या नकाशावर मी तांबड्या पेन्सिलीने तीन ओढे गिरवले आहेत. ते जागेवर आहेत का, तेवढे पाहून कळव.

कळावे.