चार दिवसांचं ट्रेनिंग

"मॅडम, घरी न सांगता लायपोसक्शन केलं तर चालतं का? नवऱ्याची सही लागते का?"

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढणं. त्याबद्दलचा हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. कधी फोनवर येतो, तर कधी भलत्याच कारणासाठी आलेली बाई उठता उठता, दाराशी थांबून विचारते. म्हणून एकीचा अनुभव तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला वैशाली म्हणूया.

वैशाली ३४ वर्षांची. सासर तासगावजवळ, नोकरी पतसंस्थेत. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझर. धाकटा चौदा महिन्यांचा, रात्री अजून अंगावर पिणारा. पहिल्याच भेटीत तिने पर्समधून घडी केलेली पावती काढली. दुसऱ्या शहरातल्या एका क्लिनिकला १०,००० रुपये आगाऊ भरले होते. दिवाळीआधी केलं तर सवलत मिळणार होती. घरी सांगून झालं होतं, ऑफिसचं चार दिवसांचं ट्रेनिंग आहे म्हणून. राहण्यासाठी क्लिनिकजवळचा लॉजही पाहून ठेवला होता.

हे कधीपासून मनात आलं, असं विचारल्यावर ती बराच वेळ पावतीची घडी घालत-उलगडत राहिली. मग एसटीतली गोष्ट निघाली. कॉलेजच्या एका मुलीने उठून तिला जागा दिली होती. 'बसा काकू, अशा अवस्थेत उभ्या राहू नका.'

"मी बसले हो मॅडम. नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही. सांगलीपर्यंत पोटावर पर्स धरून बसले."

अशा वेळी 'शरीर जसं आहे तसं स्वीकारा' असं म्हणणं मला पटत नाही. पोट कमी व्हावं असं वाटणं हा काही आजार नाही, त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणं हा गुन्हाही नाही. म्हणून आधी तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. सज्ञान व्यक्तीच्या शस्त्रक्रियेला संमती तिची स्वतःचीच लागते. काय करणार, धोके काय, दुसरे पर्याय कोणते हे तिला समजावूनच ती घ्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आहे. रुग्णालयं नातेवाइकाची सही मागतात ती बहुधा रीत म्हणून. नवऱ्याची परवानगी कायद्याने लागत नाही.

तिचा चेहरा सुटला. मग मी विचारलं, "दुसऱ्या रात्री तुमच्याजवळ कोण असेल?"

"लॉजवर? कोणी नाही."

इथे मी थांबले, कारण मला खरी काळजी वाटली ती याची. लायपोसक्शनमध्ये आधी त्वचेखाली भूल आणि रक्तवाहिन्या आकुंचन पावतील असं औषध घातलेलं भरपूर सलाईन सोडतात. मग बारीक छेदातून पोकळ नळी आत घालून ती मागे-पुढे फिरवत चरबी ओढून घेतात. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसली तरी आत मोठा भाग सोलवटल्यासारखा झालेला असतो. पहिले एक-दोन दिवस छेदांतून लालसर पाणी गळतं, चादरी भिजतात. उठताना चक्कर येऊ शकते. प्रेशर गारमेंट, म्हणजे अंगावर आवळून बसणारा तो कपडा, काही आठवडे घालावा लागतो आणि सुरुवातीला एकटीला तो नीट चढवताही येत नाही. क्वचित पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते. एकदम दम लागला, छातीत दुखलं, पोटरी सुजली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा लागतो. रात्री दोन वाजता लॉजवर हे ओळखणार कोण? आणि घरी आल्यावर 'आई, घे' म्हणून बाळाने हात वर केले, तर ट्रेनिंगहून आलेली बाई नाही कशी म्हणणार?

ती म्हणाली, "हे तिथे कोणी बोललंच नाही." तिथे बोलणं झालं होतं ते व्हॉट्सॲपवर. पोटाचे तीन फोटो मागवले, संध्याकाळी खर्चाचा आकडा आला. हात लावून तपासणी झालीच नव्हती.

मी सर्जन नाही. तुम्हाला हे करून फायदा होईल की नाही हे मला सांगता येणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. सर्जनकडे जाण्याआधी आम्ही दोघींनी बसून प्रश्न लिहिले. तुमचं एमसीएच (तज्ज्ञ सर्जनची पदवी) प्लास्टिक सर्जरीचं झालंय का? भूल कोण देणार? अडचण आली तर आयसीयू तिथेच आहे का? किती चरबी काढणार? एका वेळी ५ लिटरच्या पुढे गेलं की ते मोठं प्रमाण धरतात आणि रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. पुढचा प्रश्न तिने स्वतःच्या हाताने लिहिला: 'माझं पोट नक्की कशामुळे पुढे आहे?'

मिरजेच्या सर्जननी तिला उताणं झोपवून फक्त डोकं उचलायला सांगितलं. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला. बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेले होते. बेंबीपाशी छोटा हर्नियाही होता, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतला भाग पुढे आला होता. सोनोग्राफीत तो पक्का झाला. लायपोसक्शनने फक्त त्वचेखालची चरबी निघते. ताणलेले स्नायू जवळ येत नाहीत, सैल कातडी आवळत नाही, आतड्यांभोवतीची चरबी तर नळीच्या वाटेतच नसते. आणि हर्निया लक्षात न घेता नळी फिरवली, तर आतड्याला भोक पडू शकतं. सर्जनकडून आल्यावर हे मला सांगताना वैशालीचा आवाज कापत होता. माझ्याही अंगावर काटा आला.

सासूबाईंचा मधुमेह बघून तिला वाटायचं की चरबी गेली की आपला धोका टळेल. बऱ्याच जणींना असं वाटतं. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांची नऊ-दहा किलो चरबी अशी काढली होती. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर इन्सुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादात, रक्तदाबात, कोलेस्टेरॉलमध्ये फरक नव्हता. अंगाचा घेर बदलला, एवढंच. वजन कमी करण्याचा हा उपाय नव्हेच. वजन स्थिर असूनही एखाद्या जागी हटून बसलेल्या चरबीसाठी तो आहे. पुढे वजन वाढलं तर उरलेल्या चरबीच्या पेशी फुगतातच.

सर्जननी सांगितलं, बाळाचं अंगावरचं दूध सुटू द्या, त्यानंतर सहा महिने जाऊ द्या, तोवर फिजिओथेरपी करा. मग हर्निया आणि स्नायू दोन्हींचा एकत्र विचार करू. तिसरं मूल हवं असेल तर तेही आत्ताच ठरवा.

आता घरी बोलणं भाग होतं. नवऱ्याशी बोलायची तिची तयारी नव्हती, मीही आग्रह धरला नाही. घरातल्या एका तरी माणसाला खरं माहीत हवं, एवढंच म्हटलं. तिने निवडलं थोरल्या जाऊबाईंना, ज्यांच्याशी तिचं फारसं पटत नसे. आधी त्या रागावल्या. मग म्हणाल्या, "माझं पण असंच आहे गं, मी निऱ्या वर खोचते." त्या दोघी त्या रात्री स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या. महिन्याभराने नवऱ्यालाही तिनेच सांगितलं. तो नाराज झाला, अजूनही आहे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात सहसा बसत नाही, तेव्हा पैशांचा प्रश्न आहेच. हर्नियाचा खर्च बसतो का, हे आता तो स्वतः एजंटला विचारतो आहे.

आगाऊ भरलेले १०,००० परत मिळाले नाहीत. वैशाली रोज संध्याकाळी फिजिओने दिलेले व्यायाम करते. पोटाच्या स्नायूंमधल्या फटीत दोन बोटांऐवजी आता दीड बोट मावतं, असं परवा फोनवर मोजून सांगत होती. शस्त्रक्रिया करायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. केलीच तर मे महिन्यात, मुलांना सुटी असताना. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं, एवढंच तिने मला विचारलं. आणि त्या दिवसांत धाकट्याला कडेवर कोण घेणार, हे जाऊबाईंनी आधीच ठरवून टाकलंय.