बँकॉकहून परत येताना फायटर मासे सामानातून आणता येतात का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या आठवड्यात बँकॉकला जाताय, चतुचकच्या बाजारातून फायटरच्या दोन-तीन जोड्या घ्यायचं मनात आहे, तर त्या हँडबॅगेत आणाव्यात की चेक-इनमध्ये, आणि पिशवी कशी बांधावी. पिशवीचं पुढे सांगते. आधीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की आणू नका. हँडबॅगेतही नाही, चेक-इनमध्येही नाही.

मी काही फार शहाणी आहे असं नाही. काही वर्षांपूर्वी मी त्याच बाजारात अगदी याच बेतानं उभी होते. काचेच्या चौकोनी बरण्या एकीला एक लावलेल्या आणि मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे सरकवलेले, कारण दोन नर एकमेकांना दिसले की गलफडं फुगवून काचेवर धडका मारतात. विकणारी बाई काही बोलत नाही, नुसता पुठ्ठा वर ओढते. मासा फुलतो आणि गिऱ्हाईक पाकीट काढतं. थाई लोक याला 'प्लाकाट' म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीरही केलं. मी दोन हाफमून घेतले. शेपूट पसरली की बरोब्बर अर्धवर्तुळ. एक गडद निळा आणि दुसरा नुकतीच चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखा.

खोलीवर आल्यावर कुर्ल्याच्या माझ्या नेहमीच्या मासेवाल्या काकांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन. "ताई, मासे एक नंबर आहेत. आता तिथेच कुणाला तरी देऊन टाका." मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून पडताळलं.

भारतात जिवंत मासा आणणं म्हणजे आयात, मग तो एक असो की एक हजार. त्यासाठी केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडून आधी सॅनिटरी इम्पोर्ट परमिट घ्यावं लागतं, निघायच्या देशातल्या सरकारी खात्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि इथे उतरल्यावर तपासणी आणि विलगीकरण. याच्या मुळाशी १८९८ चा पशुधन आयात कायदा आहे, इतका हा जुना मामला. परदेशातून कायमचं परत येणाऱ्यांना सामानाबरोबर कुत्रा-मांजर आणायची जी सवलत असते, तिचा दाखला देऊन लोक वाद घालतात. ती माशांना लागू होत नाही. हे परवाने धंदेवाइक आयातदारांसाठी आहेत. दोन फायटरसाठी तो खटाटोप कुणी करत नाही, आणि केला तरी मासे कार्गोनं येतील, तुमच्या मांडीवर बसून नाही.

इंटरनेटवर तुम्ही कदाचित वाचलं असेल की पारदर्शक डब्यात पाणी घालून मासा सिक्युरिटीतून नेता येतो. ते खरं आहे, पण अमेरिकेतल्या विमानतळांपुरतं. बाकी बहुतेक ठिकाणी हँडबॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर पाणी म्हटलं की मासा कुणी बघतच नाही, बाटली आधी कचऱ्यात. आणि समजा सुटलात तरी मुंबईत बँकॉकच्या विमानातून उतरणाऱ्यांच्या बॅगांवर कस्टम्सचं खास लक्ष असतं. साप, कासवं, माकडाची पिल्लं असं काय काय त्या बॅगांतून निघालेलं आहे. तुमचे फायटर त्या पंगतीत जाऊन बसतील.

फायटर सापडला तर जप्ती आणि दंड. पण कुणी "आशियाई अरवाना मासा घेऊन जा, लकी असतो" म्हणालं तर तिथून काढता पाय घ्या. ती जात साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे फक्त नोंदणीकृत फार्ममधला, अंगात मायक्रोचिप असलेला आणि दोन्हीकडचे परवाने असलेलाच मासा सीमा ओलांडू शकतो. समुद्रघोडा तर आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे प्रकरण दंडावर भागत नाही.

एवढं सगळं कशाला, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. दोन बोटांएवढा मासा, तो देशाचं काय वाकडं करणार? पण प्रश्न माशापेक्षा पिशवीतल्या पाण्याचा जास्त आहे. कोई माशांचा हर्पीस विषाणू शोभेच्या माशांच्या व्यापारातूनच देशोदेशी पसरला, आणि तो खाण्याच्या कार्प माशांनाही मारतो. आपण पाणी बदललं की जुनं पाणी कुठे ओततो? मोरीत. तिथून नाल्यात आणि नाल्यातून नदीत. मासाच सुटला तर काय होतं ते बघायला उजनीला जा. टाकीची काच साफ करतो म्हणून आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाळलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुकानात बोटाएवढा असतो, बघता बघता हातभर होतो, मग टाकीत मावत नाही म्हणून कुणीतरी 'दया' दाखवून पाण्यात सोडतं. आता तो भीमेच्या कोळ्यांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

तर मग हाफमून मिळवायचा कुठून? इथेच. चेन्नईचं कोळत्तूर म्हणजे शोभेच्या माशांची पेठच आहे, घरोघरी सिमेंटच्या टाक्या. कोलकात्यातही मोठी पैदास होते. कुर्ल्यात जे दिसतं त्यातलं बरंच या दोन ठिकाणांहून येतं. बँकॉकचा एखादा रंग इथे मिळणार नाही, हे कबूल. पण इथे वाढलेला मासा आपल्याकडच्या पाण्याला आणि उकाड्याला सरावलेला असतो.

पिशवीबद्दल आता. मी एकदा कोळत्तूरहून आठ डिस्कस मासे रेल्वेनं आणले, जवळपास चोवीस तासांचा प्रवास. विकणाऱ्यानं आदल्या दिवसापासून त्यांना खायला दिलं नव्हतं, कारण पोट रिकामं असलं की पाणी कमी घाण होतं. एका पिशवीत एकच मासा. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, त्यावर दुसरी पिशवी, दोन्ही तोंडांना पीळ देऊन रबरबँड, आणि सगळं थर्माकोलच्या खोक्यात. फायटरचं गणित जरा वेगळं. तो पाण्यावर तोंड काढून हवा घेतो, त्यामुळे त्याला साधी हवाच भरतात आणि वरती मोकळी जागा ठेवतात.

घरी आल्यावर नवखे लोक पिशवी उघडून तिच्यात टाकीचं पाणी थोडं थोडं घालत तासभर बसतात. लांबून आलेल्या माशाला हे बाधतं. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे माशाच्या अंगातून पाण्यात उतरलेला अमोनिया निपचित पडून असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, आम्लता कमी होते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा आणि मासा अलगद जाळीनं उचलून टाकीत सोडा. पिशवीचं पाणी टाकीत नको. पहिले दोन-तीन आठवडे वेगळी टाकी ठेवलीत तर उत्तम. माझे आठातले सात जगले. आठवा माझ्याच चुकीनं गेला, पिशवी आधी उघडली आणि मग दाराशी कुरियरवाला आला.

आणखी दोन गोष्टी, कारण बाजारात कुणीतरी सुचवणारच. किलीफिश नावाच्या छोट्या माशाची अंडी ओलसर पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या मातीत, महिनोन्महिने टिकतात, "ही तर माती आहे, ने" म्हणतील. नेऊ नका, तीही जिवंतच. पाण्यातली झाडंसुद्धा नाहीत, त्यांना २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो.

माझे दोन हाफमून गेस्ट हाउसच्या रिसेप्शनवरच्या मुलीला दिले. तिनं लगेच दोन बरण्या आणल्या, मध्ये रजिस्टर उभं केलं आणि वर बशा झाकल्या. झाकण तुम्हीही विसरू नका, फायटर उडी मारतो. माझा एक सोफ्याखाली सापडला होता.