मला चालतं, मग तिला का नाही?

सदाशिव पेठेतले सत्तरीचे एक काका माझ्याकडे समुपदेशनाला आले, ते मुलाने फारच गळ घातली म्हणून. (तपशील अर्थातच बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली, "मॅडम, आयुष्यभर एकच नियम पाळला. आपल्याशी लोकांनी जसं वागावं, तसंच आपण लोकांशी वागायचं. मला तोंडावर बोललेलं चालतं, मीही तोंडावर बोलतो. यात माझं काय चुकलं?"

झालं होतं एवढंच. सून हिंजवडीहून ट्रॅफिक तुडवत आली, घाईघाईने कुकर लावला. पाहुण्यांची पानं वाढली आणि काकांनी पहिल्याच घासाला जाहीर केलं, "आमटी अळणी आहे. काल खारट होती." सून पानावरून उठली. तेव्हापासून सासरे-सुनेत कामापुरतंच बोलणं.

'मी स्वतःसारखंच इतरांशी वागते, तरी माणसं दुखावतात' ही तक्रार मी सारखी ऐकते. बहुतेकांचा हेतू खरंच चांगला असतो, त्यामुळे पटवणं जास्त अवघड.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये एका तळटीपेत लिहिलं होतं की असा नियम सर्वांना लागू होणारा कायदा होऊ शकत नाही. त्याच्या आधारे गुन्हेगारही न्यायाधीशाशी वाद घालेल, 'तुम्हाला शिक्षा नको असते, मग मला का?' आक्षेप रास्त आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात हाच नियम उलट बाजूने येतो: स्वतःला जे प्रतिकूल, ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. मला हे रूप जास्त भावतं, कारण त्यात आपलं भलेपण दुसऱ्यावर लादायला वाव कमी. पण काकांपुढे तेही लंगडं पडत होतं. सडेतोडपणा त्यांना प्रतिकूल वाटतच नव्हता ना!

म्हणून मी त्यांच्या नोकरीकडे वळले. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसला होते. साहेब चूक कशी दाखवायचे, असं विचारल्यावर एकदम उसळले. एकाने सगळ्या खात्यासमोर त्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने काट मारली होती. सांगताना त्यांचं बोट माझ्या टेबलावर तिरकी रेघ ओढत होतं. "केबिनमध्ये बोलावून सांगता आलं असतं की!"

"आणि आमटीचं?"

"ते वेगळं."

वेगळं नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं. दुसऱ्याच्या जागी उभं राहताना आपली आवडनिवड सोबत न्यायची नसते. तिचा थकवा, तिचे पाहुणे, तिचा मान हे सगळं तिचंच धरायचं. एवढी दुरुस्ती केली तर हा नियम कुठल्याही घरात लागू पडतो, असं माझं मत. आणि अंदाज बांधण्यापेक्षा सरळ विचारलेलं बरं. काकांना तेवढंच काम दिलं.

पुढच्या वेळी उत्तर घेऊन आले. सून म्हणाली होती, "चुका सांगा बाबा, पण जेवताना नको. आणि चारचौघांत तर नकोच."

"मान्य केलं मी," काका म्हणाले, "पण मग अळणी आमटी तशीच गिळायची?"

"मीठ वाढून घ्या," मी म्हटलं.