आज्जाचा अंगठा, लिनोचा ठसा

प्रश्न : ताई नमस्कार, मी निपाणीजवळच्या खेड्यातला, बेळगावात चित्रकला शिकतोय. आमचा आज्जा उचल घेऊन बारा वर्षं एकाच मालकाकडं सालगडी होता, उचल काय फिटलीच नाही आणि दुसरीकडं जायला बंदी. आता तो नाही, आज्जी आहे. मला त्यावर प्रिंट काढायच्यात, पण घरचे म्हणतात जुनं कशाला उकरतोस. चेहरा दाखवू का? आणि माझ्याकडं प्रेस पण नाही.

उत्तर : अरे, तुझा प्रश्न वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होते. सालगडी म्हटलं की लगेच वेठबिगार असं नसतं, पण उचलीपायी माणसाला दुसरीकडं कामाला जाता येत नसेल तर 1976 चा कायदा त्याला वेठबिगारीच म्हणतो, आणि असली कर्जं त्यानं 25 ऑक्टोबर 1975 पासून रद्दच करून टाकली. हे घरच्यांना सांग. लाज वाटायची तर ज्यानं वहीत आकडा वाढवत नेला त्याला वाटू दे, आज्जानं तर बारा वर्षं राबून दिलंय!

प्रिंटच का, तर एका ठशातनं कितीतरी कॉप्या निघतात. 1788 मध्ये इंग्लंडात प्लिमथला गुलामांच्या जहाजाचा नकाशा छापला, माणसं अशी खेटून झोपवलेली की बघणाऱ्याला श्वास कोंडावा, आणि तो कागद घरोघरी गेला. आपल्याकडं चित्रकार चित्तप्रसादनी मुंबईत राहून बालमजुरांवर लिनोकट केले, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून त्याचे ठसे काढले, ते मिळतील तिथं बघच.

प्रेसचं टेन्शन घेऊ नको. लिनोवर रोलरनं शाई पातळ लाव, वर कागद ठेव आणि चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासत जा, मधेच कोपरा उचलून बघ. अक्षरं-आकडे उलटे कोरायचे हे मात्र विसरू नको, नाहीतर सगळी मेहनत वाया.

चेहऱ्याचं आज्जीला विचार, ती नको म्हणाली तर नको. मला विचारशील तर रडका चेहरा नकोच, मी उचलीची वही कोरीन, तारखा, आकडे आणि खाली अंगठा. आज्जाचा अंगठा हा पण ठसाच की रे, त्याच्याकडनं घेतलेला, त्याला वाचता न येणाऱ्या कागदावर. तो मोठा कर, पानभर, एकेक रेघ कोर, लागू दे महिना.

पहिली कॉपी आज्जीला दे. पण तेलाची शाई असेल तर चार दिवस वाळू दे आधी, नाहीतर तिच्या लुगड्याला लागायची.