फिक्सर म्हणून जाऊ की स्वतःच पिच करू?

प्रश्न: मी अंबाजोगाईत राहते, एका दैनिकाला बातम्या पाठवते. मराठी, हिंदी, दखनी येते, इंग्रजीही बऱ्यापैकी. परदेशातल्या एका मासिकाचा पत्रकार ऊसतोड कामगारांवर स्टोरी करायला येतोय, त्याने मला रोजावर फिक्सर म्हणून, म्हणजे माणसं गाठून देणारी, भाषांतर करणारी स्थानिक मदतनीस म्हणून विचारलंय. जाऊ का? की माझी स्टोरी मीच पिच करू, म्हणजे एखाद्या मासिकाला कल्पना लिहून पाठवू? पण बीडवर तर आधीच इतकं छापून आलंय.

उत्तर: ताई, जा, पण आधी बोलून घ्या. बायका बोलणार तुमच्याशी, कोणत्या टोळीचा मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) कोण, कोणाच्या डोक्यावर किती उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आहे हे माहीत तुम्हाला, मग याला नुसती मदत कसं म्हणायचं, हे रिपोर्टिंगच आहे. म्हणून नाव कुठे येणार, बायलाइनमध्ये (लेखकाच्या नावाच्या ओळीत) की खाली बारीक अक्षरात, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा आणि लेखी घ्या. रोज, गाडीखर्च, उशीर झाला तर मुक्काम, सगळं लेखी.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायचीये. बाहेरून आलेला माणूस परत जातो, तुम्ही तिथेच राहता. २००७ साली अफगाणिस्तानात इटालियन पत्रकार दानिएले मास्त्रोजाकोमो तालिबानच्या कैदेतून सुटला, त्याच्यासोबतचा अफगाण सहकारी अजमल नक्शबंदी मात्र मारला गेला. आपल्याकडे तशी परिस्थिती नाही हे मान्य, पण पुढच्या सीझनला उचल द्यायची की नाही हे मुकादमच ठरवतो, त्यामुळे जी बाई बोलली तिला त्याची झळ बसू शकते. गावाचं नाव, चेहरा, नवऱ्याचं नाव काय छापायचं आणि काय नाही हे तिच्यासमोर बसून ठरवा, तिचं म्हणणं लिहिलंय तसं तिला वाचून दाखवा. एडिटर घाई करेल, करू दे.

आता "इतकं छापून आलंय" याबद्दल. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न २०१९ मध्येच गाजला होता, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. तरीही २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेने हाच विषय घेतला आणि जगभर चर्चा झाली. का? तर त्यांनी फडावरून निघालेली साखर कोकाकोला आणि पेप्सिकोपर्यंत नेऊन दाखवली. म्हणजे तिकडच्या वाचकाच्या हातातल्या बाटलीपर्यंत धागा गेला. पिच करताना हा धागा शोधायचा, "बीडमध्ये दुष्काळ आहे, लोक स्थलांतर करतात" एवढ्यावर कोणी हो म्हणणार नाही. नवीन काय, आत्ताच का, कोण बोलायला तयार आहे, आणि हे तुम्हीच का करू शकता, एवढं अडीचशे-तीनशे शब्दांत. शेवटच्या मुद्द्यावर लाजू नका, चार भाषांमध्ये थेट माणसांशी बोलता येणं हीच तुमची सगळ्यात मोठी बाजू आहे.

मला स्वतःला वाटतं की ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरण्याच्या पद्धतीवर तुम्ही लिहावं. हिशोब जोडीचा, उचल बहुतेक नवऱ्याच्या हातात, खाडा पडला की दोघांचे पैसे कापले जातात, मग बाई आजारी पडली तरी तिला फडात जावंच लागतं. हे तुम्ही लहानपणापासून बघताय, बाहेरच्याला ते समजायलाच आठवडा लागेल.

पहिल्यांदाच थेट परदेशी मासिकाकडे जायची धास्ती वाटत असेल तर पारीकडे (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) पाठवून बघा, ग्रामीण भारतावरचं हे संकेतस्थळ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं. तिथे स्टोरी इंग्रजीत येते आणि मराठीतही, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाही वाचता येते. परदेशी मासिकाशी करार करतानाही मराठीत छापायचा हक्क स्वतःकडे ठेवायला सांगा, बरेचजण हे मागतच नाहीत.

प्रश्न: स्टोरी दिली पण छापली नाही तर पैसे बुडतात का? आणि अमेरिकेतले लोक कुठला तरी फॉर्म मागतायत.

उत्तर: काम सुरू करायच्या आधीच किल फी (स्टोरी छापली नाही तर मिळणारे पैसे) ठरवून घ्या, सहसा ठरलेल्या मानधनाच्या पाव ते निम्मी असते. फॉर्म बहुधा डब्ल्यू-८बेन असेल, आपण अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा, घाबरण्यासारखं काही नाही, भरून द्या. इथला टॅक्स मात्र भरावाच लागतो, त्यासाठी गावातल्या सीएकडे एकदा जाऊन या आणि बँकेत पैसे आल्याची कागदपत्रं जपून ठेवा.